पंचवीस बोरचं पिस्तूल आणि परसवाड्याचा रस्ता

धान घेताना मी पोत्यात परखी खुपसतो. परखी म्हणजे खोबण असलेली लोखंडी सळी. ती बाहेर ओढली की पोत्याच्या पोटातले दाणे हातात येतात. त्यातला एक मी दाताखाली धरतो. कट्टकन तुटला तर माल वाळलेला, दबला तर ओला. सायकलवर तराजू बांधून गावोगाव धान घेणारा मी बालाघाटात स्वतःच्या राइस मिलपर्यंत आलो तो ह्या परखीवर आणि दातावर. मला धानात आजवर कुणी फसवलेलं नाही. पिस्तुलात फसवलं, कारण पिस्तुलाच्या पोटात परखी जात नाही.

लोकांना वाटतं, मी हौसेनं घेतलं. हौसेचा संबंध नव्हता. तेव्हा शेतकरी रोख मागायचा आणि रोख दिली तरच माल द्यायचा. परसवाड्याच्या बाजाराला जायचं म्हणजे जीपच्या सीटखाली कापडी पिशवी, आणि मधला रस्ता जंगलाचा. एका व्यापाऱ्याला त्या रस्त्यावर आडवं लाकूड टाकून अडवलं आणि पिशवी काढून घेतली. त्याला मारलं नाही, पण तो त्यानंतर परसवाड्याला गेला नाही. त्याचे शेतकरी मला मिळाले. मग मला लायसनची गरज पडली.

लायसन मिळायला जो वेळ लागायचा तो लागला. कलेक्टर ऑफिस, ठाणं, तहसील, पुन्हा ठाणं. ते हातात आल्यावर मी जबलपूरला गेलो. तिथे बंदुकांचं एक जुनं दुकान आहे, पहिल्या मजल्यावर. मालक तिकडे पिढ्यांपासून राहिलेला मराठी माणूस. बोलणं एकदम शुद्ध, आवाज मऊ. असा आवाज ऐकला की मी खिसा घट्ट धरतो, तरी त्या दिवशी त्याने मला गुंडाळलं.

त्याने दोन पिस्तुलं समोर ठेवली. एक आपल्याकडच्या कारखान्यातलं बत्तीस बोर, जाड आणि जड. दुसरं हे, पंचवीस बोरचं, कुण्या मालगुजाराच्या, म्हणजे जुन्या जमीनदाराच्या घरातून विकायला आलेलं. चकचकीत, बाजूला काळ्या पट्ट्या, तळहातात मावणारं.

"शेठ, बत्तीस तुम्ही महिनाभर कमरेला लावाल," तो म्हणाला. "मग गाडीच्या डब्यात टाकाल. मग घरी कपाटात. हे मात्र सदऱ्याच्या खिशात राहील. खिशात असेल तरच उपयोगाचं ना?"

हे बोलणं खरं होतं, हे मी आजही नाकारत नाही. त्याचं अर्धं खरं असतं, हीच त्याची हुशारी. पंचवीस बोरच्या गोळ्या बाहेरदेशातून येतात, कधी मिळतात, कधी वर्षभर मिळत नाहीत आणि मिळाल्या तर सोन्यासारख्या महाग, हे त्याने सांगितलं नाही. ते मला पुढे कळलं.

दुकानामागच्या खोलीत वाळूची पेटी होती. त्याने तिच्यात दोन गोळ्या झाडून दाखवल्या. दोन्ही उडाल्या. मग भावावर आलो. मी तीनदा उठून जिन्यापर्यंत गेलो, तिसऱ्यांदा त्याने हाक मारली. चामड्याचं कव्हर फुकट घेतलं. शेवटी त्याने एक लांबट डबी पुढे सरकवली, त्यात ब्रश आणि तेलाची कुपी. म्हणाला, "हेही घेऊन टाका." बूट घेतल्यावर मोजे पुढे करतात, त्या आवाजात. मी डबी परत सरकवली. ती डबी पुढे आमच्या भांडणाचं मूळ ठरली, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो की तो "हेही घ्या" म्हणाला, "हे लागेल" म्हणाला नाही.

मग मी ते वर्षानुवर्षं वागवलं. खिशातलं पिस्तूल कसं असतं ते वागवणाऱ्यालाच ठाऊक. उन्हाळ्यात घामानं त्यावर तांबूस डाग पडतात. सदऱ्याचा खिसा लोंबतो आणि शिंपी दर वर्षी विचारतो की ह्याच बाजूला दुहेरी कापड कशाला. एकदा परसवाड्यात पोत्यावर वाकलो तर ते सरळ धानात पडलं. बाजूची माणसं दोन पावलं मागे सरकली. एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "शेटजी, भाव पाडासाठी आनलं का जी हे?" त्या दिवशी मला भाव दोन पैसे वर द्यावा लागला.

निवडणूक लागली की लायसनचं हत्यार ठाण्यात जमा करावं लागतं. पावती घ्यायची, निकालानंतर पावती देऊन परत आणायचं. ते तिथे कधी भर पावसाळ्यात पडून राहायचं. परत आणल्यावर मी फडक्यानं पुसायचो आणि खिशात टाकायचो. गोळ्या पहिल्या दिवशी घेतल्या त्याच. झाडायच्या कुठे, आणि कशासाठी? इतक्या वर्षांत त्या रस्त्यावर मला कुणी अडवलं नाही. मी त्याचं श्रेय पिस्तुलाला देत होतो.

आमच्याकडे दसऱ्याला मिलची पूजा होते. मूळचे आम्ही भंडाऱ्याकडचे, पण आता बालाघाटचेच. धान सडायचं हॉलर, पट्टे, मोठा काटा, गाडी, नांगर नसला तरी एक विळा, आणि पाटावर पिस्तूल. माझी बायको प्रत्येकाला तेलाचं बोट लावायची, हळद, कुंकू, वर अक्षता आणि झेंडूचं फूल. पिस्तुलाला ती थोडं जास्तच लावायची. म्हणायची, "अजी, मशीन त रोज चालते. याले वर्षातून एकदाच हात लागते, याची चांगली करू द्या." पूजा झाली की फूल काढायचं, फडकं फिरवायचं, कव्हरात घालायचं. हे दर वर्षी झालं. ह्या भागात ज्याच्याकडे बंदूक आहे त्याच्या घरी हेच होतं.

मग माझा गुडघा गेला आणि परसवाड्याचा बाजार मुलीकडे गेला.

मला एकच मुलगी. तिने शिक्षण संपवून मिलच्या ऑफिसात बसायला सुरुवात केली तेव्हा लोक हसले. आता ती माझ्यापेक्षा चांगला माल आणते, आणि दाणा दाताखाली न धरता. तिच्याकडे ओल मोजायचं छोटं यंत्र आहे. पण रस्ता तोच. ती स्वतः गाडी चालवत जायची, एकटी, सीटखाली तीच पिशवी. बाजाराच्या दिवशी ती परत येईपर्यंत मी मिलच्या फाटकाजवळ खुर्ची टाकून बसायचो आणि हमालांवर विनाकारण ओरडायचो. हमालांना कारण माहीत होतं. ते ऐकून घ्यायचे.

बरीच वर्षं लायसन बाळगलेल्या माणसाला ते वारसाच्या नावावर करून मागता येतं. मी अर्ज आणला आणि तिच्यासमोर ठेवला.

"पिस्तूल तू ठेव. रस्त्यावर तू जाऊन राह्यली, मी नाई."

तिने अर्ज वाचला. "बाबा, हे चालते का?"

"काहून नाई चालत? विलायती आहे."

"विलायती आहे हे मले दिसते. चालते का ते इचारलं. शेवटचं कधी चालवलं?"

मी चिडलो. म्हणालो, चालवायची वेळ आली नाही हेच त्याचं चालणं. ती म्हणाली, "मंग माया समोर चालवून दाखवा. मॅगझिनभर गोळ्या, मधात न अटकता. मंग मी सही करतो." मुलगी सौदा माझ्याकडूनच शिकली आहे, त्यामुळे तिच्याशी सौदा करताना मला आधीच कळतं की ती कुठे थांबणार नाही.

नव्या लायसनसाठी हत्यार हाताळायचं शिक्षणही लागतं. त्यासाठी ती जबलपूरच्या एका नेमबाजी क्लबात गेली. शिकवणारी बाई, वयानं तिच्याहून थोडीच मोठी, डोक्याला टोपी, बोलणं हिंदी आणि कमी. क्लबच्या बत्तीस बोरवर मुलीचा हात लवकर बसला. शेवटच्या दिवशी परवानगी काढून मी माझं पिस्तूल घेऊन गेलो. छाती पुढे काढून गेलो, हे लिहायला हरकत नाही. बापानं इतकी वर्षं वागवलेलं हत्यार मुलीला द्यायचं होतं.

शिकवणाऱ्या बाईने ते हातात घेतलं, गोळ्या पाहिल्या आणि पितळेवरचा हिरवा डाग अंगठ्याने घासला. कागदाच्या निशाणासमोर मी उभा राहिलो आणि चाप ओढला.

टक.

एवढाच आवाज. बाईने मला तसंच धरून ठेवायला सांगितलं, थांबवलं, मग ती गोळी काढून टाकली. दुसरी उडाली, पण गोळीचं रिकामं पितळी कवच बाहेर पडायच्या ऐवजी वरच्या सरकत्या भागात अडकून उभं राहिलं. त्या भागाला स्लाइड म्हणतात. पिस्तूल अर्धं उघडं तोंड करून बसलं. ते मोकळं केलं. तिसरी, टक.

"बाबा," मुलगी मागून म्हणाली, "हे त खोकून बी नाई राह्यलं."

बाईने पिस्तूल माझ्याकडून घेतलं. "अंकल, ये आखिरी बार कब चलाई थी?"

"ली थी तब."

"और साफ?"

"हर साल करते हैं," मी म्हणालो.

तिने ते नाकाजवळ नेलं. "अंकल, इसमें से तो अगरबत्ती की बास आ रही है."

मुलगी तोंडावर ओढणी धरून बाजूला गेली. मी तिथूनच दुकानात गेलो. मुलगी गाडी चालवत होती आणि रस्ताभर मी दुकानदाराला काय काय म्हणायचं ते मोठ्याने म्हणत होतो. ती एकदाच म्हणाली, "बाबा, इथंच सगळं संपवू नका, तिथं काय बोलसान?"

दुकानदार म्हातारा झाला होता, आवाज तसाच मऊ. त्याने पिस्तूल टेबलावर पांढऱ्या कापडावर उघडलं. उघडायला त्रास झाला. आतून जे निघालं ते मी पाहिलं. तेल आणि कुंकू मिळून डांबरासारखा लाल लेप झाला होता. ज्या बारीक भोकातून टोकदार खिळा पुढे येऊन गोळीवर आपटतो ते भोक त्या लेपानं भरलेलं. खिळा लेपात रुतला होता, मग टक होणार नाही तर काय. स्लाइडच्या खाचेत अक्षतेचा अर्धा दाणा होता. दाणा तांदळाचा, माझ्याच मिलचा.

दुकानदाराने तो चिमट्यानं उचलून कापडावर ठेवला. "शेठ, तुम्ही पिस्तूल बाळगलंत की देव?"

"तुमी सांगाचं होतं."

"ब्रश दाखवला होता मी. तुम्ही नको म्हणालात."

"दाखवला. सांगतलं नाई. तांदूळ विकताना मी सांगतो, याले वारा लावजा, नाहीतर सोंडे होतीन. तुमी काहून नाई सांगतलं की याले कुंकू लावू नोका?"

"कुंकू लावाल हे मला कसं कळणार?"

"पूजा नाई करत तुमच्या घरी? तुमी मराठीच ना? दसऱ्याले काय करता?"

त्याने चिमटा खाली ठेवला. मग म्हणाला, "आम्ही बंदुकीच्या पेटीला कुंकू लावतो. बंदुकीला नाही."

हेच! हेच त्याने पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. पेटीला लावा, हत्याराला नको, एवढं एक वाक्य. पिढ्यान् पिढ्या हत्यारं विकणाऱ्याला ते ठाऊक होतं आणि घेणाऱ्याला नव्हतं. मी हे त्याला सांगितलं, आवाज चढवून सांगितलं, खालच्या मजल्यावरचा टेलर वर डोकावून गेला. पूजेत चूक नव्हती. मोठ्या काट्यालाही दर वर्षी तेवढंच कुंकू लागतं आणि तो ग्रॅमभर हलत नाही. चूक ही की ज्याचं पोट एवढं लहान, त्याच्या पोटात काही जाता कामा नये, आणि ते विकणाऱ्याने सांगायचं असतं. माझं हे म्हणणं आजही बदललेलं नाही.

त्याने आणखी दोन दोष काढले. मॅगझिन इतकी वर्षं भरून ठेवली म्हणून आतली स्प्रिंग दमली होती, ती गोळीला वर ढकलत नव्हती. आणि गोळ्या जुन्या, काही ओल धरलेल्या. "मोठ्या पिस्तुलात एवढं खपून जातं," तो म्हणाला. "ह्याच्यात सगळंच बारीक. थोडं अडलं की अडलं." हे त्याने आत्ता सांगितलं, वीस-बावीस वर्षांनंतर!

त्याने साफ केलं, स्प्रिंग बदलली, कुठून तरी थोड्या ताज्या गोळ्या आणल्या. भाव मी सांगत नाही, रक्तदाब वाढतो.

पुन्हा क्लबात गेलो. ह्या वेळी माझ्या हातून सगळ्या गोळ्या उडाल्या, एकही न अडकता. मी मुलीकडे पाहिलं. तिने बाईच्या देखरेखीखाली स्वतः चालवून पाहिलं. तिच्या हातून एकदा रिकामं कवच अडकलं. बाईने सांगितलं की इतकं छोटं पिस्तूल मनगट घट्ट धरणारा हात मागतं; मनगट जरा ढिलं पडलं की धक्का हातच खाऊन टाकतो आणि स्लाइड पूर्ण मागे येत नाही. धरायला जागा दोन बोटांची, करंगळी हवेत. नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणांत अंतर काड्यापेटीएवढं, लांबचं काय लागणार.

"पण चालते," मी म्हणालो.

"हौ, चालते," मुलगी म्हणाली. "मी मॅगझिनभर म्हणली होती. कर सही म्हणसान त करतो. पण गाडीत बसून पाहू द्या एकदा."

दुसऱ्या दिवशी दुपारी, हमाल जेवायला गेले तेव्हा, मिलच्या आवारात कोंड्याच्या ढिगापाशी तिने गाडी उभी केली. मॅगझिन घरी ठेवली होती. पिस्तूल रिकामं आहे हे आधी मी पाहिलं, मग तिने पाहिलं, मग पुन्हा मी. ती गाडीत बसली, पट्टा लावला, काच खाली केली.

"आता तुमी लुटारू. या."

"मी काहून लुटारू?"

"मंग कोण? मुनीमजीले बोलवू का?"

मी हातात काठी घेतली. पिस्तूल कुठे ठेवलं विचारलं तर तिने पर्स दाखवली. मी म्हणालो, खिशात ठेव, ते खिशाचंच आहे. ती म्हणाली, "कुर्त्याले खिसा नसते, बाबा. लायसन काढासाठी आता शिंप्याकडेबी अर्ज देऊ का?" मला हे कधी सुचलंच नव्हतं. दुकानदारालाही नाही. सदऱ्याचा खिसा धरूनच सगळा हिशोब केलेला.

मी बाजूने आलो, काठीने दारावर मारलं. तिने पर्सची चेन ओढली, कव्हर काढलं, कव्हराचं बटण उघडलं. मी दार उघडून तिचं मनगट धरलं. एवढंच. मी सत्तरीचा, गुडघा गेलेला माणूस.

"परत," ती म्हणाली. ह्या वेळी पिस्तूल मांडीवर, कव्हराबाहेर. पण नळीत गोळी ठेवून कुणी वागवत नाही, ठेवू नयेच. म्हणजे आधी स्लाइड मागे ओढायची, आणि त्याला दोन्ही हात लागतात. तिचा एक हात स्टिअरिंगवर होता. तिने तो सोडला, स्लाइड धरली. ती इवलीशी, कडक, आणि हाताला घाम. बोटं घसरली. मी काठी खिडकीतून आत घातली होती. तिच्या हातातून पिस्तूल मी अलगद काढून घेतलं, दुकानदाराच्या टेबलावरून उचलावं तसं.

मी ते हातात धरून उभा होतो. तिच्याकडे असलेलं पिस्तूल आता माझ्याकडे होतं. त्या रस्त्यावर ते कुणाकडे गेलं असतं, हे दोघांनाही कळलं.

मग ती खाली उतरली. "आता तुमी बसा."

"मले काय गरज?"

"बसा न जी."

मी बसलो, पट्टा लावला, पिस्तूल सदऱ्याच्या खिशात, जिथे ते कायम असायचं. ती काठी घेऊन आली. मी खिशात हात घातला तर पट्टा नेमका खिशावरून गेलेला. पट्टा सोडायला हात खाली नेला, तर पोट मध्ये. तोवर तिने काठीचं टोक माझ्या खांद्याला टेकवलं होतं, हलकेच.

"जुन्या जीपले पट्टा नोता," मी म्हणालो.

"हौ," ती म्हणाली. "नोता."

त्या दिवशी मी अर्ज फाडला. तिने फाडायला सांगितलं नव्हतं.

मग खरा सौदा झाला, बाप-लेकीचा. ती म्हणाली, पिशवीच न्यायची नाही. शेतकऱ्याचा माल घ्यायचा, त्याच्यासमोर त्याच्या खात्यात पैसे टाकायचे, फोनवर आलेले दाखवायचे, मग गाडी भरायची. मी म्हणालो, अर्धे शेतकरी दुसऱ्या आडत्याकडे जातील. ती म्हणाली, जाऊ द्या. मी म्हणालो, तुझ्या बापाने एकेक शेतकरी सायकलवर जाऊन जोडला आहे. ती म्हणाली, "अन तुमाले पिशवी राखाची का पोरगी?" ह्यावर मी बरंच बोललो, ते लिहिण्यासारखं नाही. माझी अट मी घातली: ड्रायव्हर बरोबर, आणि उन्हं उतरायच्या आत जंगलाच्या अलीकडे. तिने दोन्ही मान्य केल्या, एका अटीवर, की फाटकाजवळ खुर्ची टाकून बसायचं नाही. ती अट मी पाळत नाही, पण खुर्ची आता काट्याच्या आडोशाला टाकतो.

शेतकरी गेले, मी म्हणालो होतो तेवढेच. काही परतले, काही नाही. तो म्हातारा, ज्याने भाव पाडायचं विचारलं होतं, त्याचा नातू आता फोन हलवत येतो आणि पैसे आले की सगळ्या बाजाराला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं म्हणतो, "आले वो!"

पिस्तूल घरी ठेवून उपयोग नव्हता. ते मी जबलपूरला त्याच दुकानदाराकडे विकायला ठेवलं. दुसरीकडे गेलो असतो, पण पंचवीस बोरला दुसरीकडे कुणी विचारत नव्हतं. त्याचा फोन आला की गिऱ्हाईक आहे, एक तरुण ठेकेदार, भाव चांगला देतोय. तुम्ही जुने मालक, समोर असलात तर त्याला विश्वास वाटेल. मी गेलो.

ठेकेदार बायकोला घेऊन आला होता. शाळेत शिकवायची ती, दूरच्या गावी, रोज स्वतः गाडी चालवत. लायसन तिच्याच नावाचं काढलेलं. नवऱ्याने पिस्तूल हातात घेऊन वळवून पाहिलं. मी ज्या नजरेनं पाहिलं होतं त्याच. दुकानदाराने त्याच मऊ आवाजात पर्समध्ये राहील वगैरे सांगितलं. ह्या वेळी ब्रशची डबी त्याने आधीच टेबलावर ठेवली होती आणि कुंकवाचंही सांगितलं. मला वाटलं, शिकला.

"अंकल, चलती है ना बराबर?" ठेकेदाराने मला विचारलं.

"चलती है," मी म्हणालो. खरं होतं. तिथे थांबलो असतो तर भाव माझा होता, आणि तो भाव खरोखर चांगला होता. पण ती बाई पर्सची चेन उघडून बघत होती, आत जागा कुठे आहे ते.

"बेटा, नीचे गाडी है?" मी तिला विचारलं. ती हो म्हणाली. "तो पहले गाडी में बैठ के देखो. पट्टा बांधो. इनको बाहर खडा करो, लुटेरा बना के. फिर लो."

दुकानदार म्हणाला, "शेठ."

हत्यार रस्त्यावर नेता येत नव्हतं, म्हणून मी माझा चष्म्याचा डबा काढून दिला. आकार साधारण तेवढाच. ती दोघं हसत खाली गेली. आम्ही वरून गॅलरीतून पाहत होतो. नवरा खिडकीशी आला, तिने पर्स उघडली, त्याने दार उघडलं. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा ती हसत नव्हती. मग दोघं गाडीत बसून बराच वेळ बोलत होती. ठेकेदार वर आला, डबा माझ्या हातात दिला, दुकानदाराला म्हणाला, "सोच के बताते हैं," आणि गेला.

दुकानदाराने पिस्तूल कापडात गुंडाळलं. "माल तुमचा," तो म्हणाला, "गिऱ्हाईक तुमच्या मालाचं. मी महिनाभर बोलून बोलून त्याला वर आणलं. आणि मोडलंत तुम्ही."

"ते बाई रोज एकटी जाते म्हणली," मी म्हणालो.

कपाटात पिस्तूल ठेवून त्याने किल्ली फिरवली. निघताना मी त्याला म्हटलं की मला जे सांगायला हवं होतं ते तुम्ही सांगितलं नाही, म्हणून मला सांगावं लागलं. त्याने मान वर केली नाही. त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही, आणि मीही केलेला नाही.